प्राचीचा पहिला चेंडू आणि माझे साडेतीन तास

'पुढे' म्हणजे 'नंतर', असं मी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत समजत होतो. यात माझा दोष नाही. बालाघाटात एका वकीलसाहेबांकडे मी तीस वर्षं मुन्शी आहे आणि आमच्या धंद्यात पुढे जाते ती फक्त तारीख. तारीख पुढे गेली, म्हणजे आज घरी जा, नंतर या. या एका शब्दानं मार्चअखेरीस माझी अब्रू घालवली (म्हणजे घरात जेवढी शिल्लक होती तेवढी).

आमची प्राची जपानात, उत्तरेकडच्या एका थंड शहरात, म्हाताऱ्या माणसांच्या सेवाकेंद्रात नोकरी करते. एका रविवारी तिचा फोन आला. "बाबा, बुधवारी मी बेसबॉलचा पहिला बॉल फेकणार! पूरे मैदान के सामने!"

तिकडे म्हणे मॅचच्या आधी एखाद्या पाहुण्याच्या हातून पहिला चेंडू फेकवून घेतात, आपण नारळ फोडून घेतो तसा. यंदा तो मान तिच्या केंद्राला मिळाला आणि केंद्रात चिठ्ठी निघाली ती प्राचीची.

"किती वाजता?" मी डायरी उघडली.

"दोपारी एक वाजता."

"कामाच्या दिवशी भर दोपारी कोण येते मॅच पाहाले?" ही सुमन, माझी बायको.

"कोणीच नाही येत आई, म्हणून तर आमाले बोलावलं! सीझनच्या सुरुवातीले संध्याकाळी इतका गारठा पडते का खेळणाऱ्यायची बोटंच नाही वाकत. म्हणून दोपारी ठेवते."

"मंग मे महिन्यात ठेवा म्हणा! एवढी काय घाई हाये त्याईले?" सुमन म्हणाली. आमच्याकडे कूलर सुरू झाला होता आणि ती त्याच्यासमोर बसून लेकीच्या थंडीची काळजी करत होती.

"बाबा, लिंक पाठवते. तुम्ही पाहून राह्यले हे माहीत असलं का मले भेव नाही वाटणार. अन् टाइम ध्यानात ठेवा, जपान साडेतीन घंटे पुढे आहे."

दोन वर्षं पोर घरी आली नव्हती. मी डायरीत लिहिलं: एक वाजता, साडेतीन तास पुढे, म्हणजे साडेचार. खाली दोन रेघा मारल्या!

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. साहेबांनी कारण विचारलं. "मुलगी जपानात बॉल फेकणार आहे," मी म्हणालो. साहेबांनी आधी माझ्यासाठी पाणी मागवलं आणि मग सुट्टी दिली. जवळच्या किरनापूरहून माझा साळा रमेश (शाळेत मास्तर आहे) मोबाईल टीव्हीला जोडायची वायर घेऊन आला. सुमननं घमेलंभर आलूपोहे केले. चार वाजेपर्यंत आमच्या समोरच्या खोलीत एकोणीस माणसं बसली होती आणि कूलरनं हात टेकले होते.

साडेचारला मी लिंक उघडली. टीव्हीवर एक पांढरं पान आलं. त्यावर जपानी अक्षरांच्या चार ओळी. बाकी काही हलेना.

"सुरू होऊन राह्यलं," मी जाहीर केलं.

"खेळणाऱ्यायची नावं असतीन," शेजारच्या काकू म्हणाल्या. "याच्यात प्राचीचं कोणतं?"

मी उठून दुसऱ्या ओळीतल्या चौथ्या अक्षरावर बोट ठेवलं. (तेच त्यातल्या त्यात देखणं होतं.) टाळ्या पडल्या! सुमननं त्या अक्षराचा फोटोसुद्धा काढला.

पाऊण तास गेला. पोहे संपले. अक्षरं जागची हलली नाहीत. तेव्हा रमेश हळूच म्हणाला, "भाऊजी, जपानात सूर्य आपल्या आधी उगवते ना?"

"हौ."

"मंग दोपार आपल्या आधी होईन का नंतर?"

मी डायरीकडे पाहिलं.

"अहो, घड्याळ पुढे हाये त्याईचं! तिथं एक वाजला तवा आपल्या इथं सकाळचे साडेनऊ वाजलते!"

सकाळी साडेनऊला मी काय करत होतो? या कार्यक्रमासाठी शर्टाला इस्त्री!

सुमन ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं डोळ्यांना पदर लावला. "पोरगी तिथं कॅमेऱ्याकडे पाहून राह्यली असन," एवढंच ती म्हणाली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या तारखा न चुकता सांभाळल्या आणि स्वतःच्या लेकीची चुकवली.

तेवढ्यात फोन वाजला. प्राची! सुमननं स्पीकर लावला.

"बाबा! पाहिलं का सकाळी?"

एकोणीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. "हौ! पाहिलं ना बेटा!" माझ्या तोंडून निघून गेलं. "काय फेकला तू! सूंऽऽ करत गेला! लोक उभे राहून टाळ्या वाजवून राह्यलते!"

"अन् लाल टोपी काय शोभत होती वं तुले!" काकू मदतीला धावल्या. (टोपी कुठून आली, देव जाणे.)

"अँगल एकदम करेक्ट होता," रमेश म्हणाला. मास्तर माणूस, पण तोही!

प्राचीनं त्याला मध्येच थांबवलं.

"बाबा... पर मैच तो हुआ ही नहीं!"

"आँ?"

"सकाळपासून बर्फ पडून राह्यला! लिंकवर तशी नोटीस लावली त्याईनं, ते पाहिलं का म्हणून विचारून राह्यली मी! मॅच उद्या आहे, एक वाजता."

मॅच न झाल्याचा इतका आनंद आजवर कुठल्याच देशात कोणाला झाला नसेल. सुमननं काकूंना मिठी मारली. फोनमध्ये प्राची इतकी हसत होती की तिला बोलता येईना. तिला असं हसताना मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. लाज वाटत होती, पण बरंही वाटत होतं.

गुरुवारी सगळी सूत्रं सुमनकडे! आठ वाजताच तिनं आम्हाला टीव्हीसमोर बसवलं. साडेनऊला प्राची दिसली. केवढं जाडजूड जाकीट, नाक लाल, तोंडातून वाफ निघत होती आणि सगळ्या मैदानात कानटोप्या घातलेली मोजकी माणसं. तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलं, हात उचलला आणि फेकला. चेंडू अर्ध्यावर टप्पा खाऊन, घरंगळत, झेलणाऱ्याच्या हातभर अलीकडे थांबला. आम्ही असे ओरडलो की बाहेर रस्त्यावर ऑटो थांबली. मी रडलो, सगळ्यांसमोर, खुशाल!

थोड्या वेळानं तिचा फोन आला. "बाबा, आता खरं सांगा हं. कसा फेकला?"

आदल्या दिवशीच्या फजितीनंतर मी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंच होतं.

"चांगला फेकला बेटा," मी म्हणालो, "पण कालच्याची सर नाही आली!"