मला गणपतीत धरू नकोस

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला, पण त्यातला एकच सबंध वाडीला तोंडपाठ आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत मी आमच्या घराला वर्षभर लागणाऱ्या दुधाचा रतीब ठरवला, आणि ठरवताना त्या दिवशी घरात जेवढी डोकी दिसत होती तेवढी सगळी धरली. वाचणाऱ्यांपैकी जे कोकणातले आहेत ते आत्ताच हसले असतील. बाकीच्यांसाठी सांगते. आचऱ्याजवळच्या आमच्या घरात गणपतीला मुंबईहून सगळे चाकरमानी येतात. ओटी, पडवी, खळं, कुठे पाय ठेवायला जागा नसते. भजनाच्या मंडळींना चहा, नैवेद्याला खीर, पोरांना झोपताना दूध... आणि विसर्जन झालं की दोन दिवसांत घर असं रिकामं होतं, की स्वयंपाकघरात वाटी पडली तर खळ्यात ऐकू यावी. माझ्या माहेरचं कुणी मुंबईला नव्हतं, मला हे कुठलं ठाऊक? लग्न वैशाखात झालं, तेव्हा सुट्टीला आलेली मुंबईची मंडळी घरातच होती; ती असतानाच माहेरी गेले ती थेट गणपतीलाच परत आले. मला वाटलं, हे घर बारा महिने असंच गजबजलेलं असतं.

शेजारची भागीकाकी तेव्हा नवी म्हैस घ्यायच्या विचारात होती. "वरसभर सगळा दूद तू घेतलंस तर दर कमी लावतंय," ती म्हणाली, "पण मधीच मोडूचा नाय हां." मी खारेपाटणच्या दुकानदाराची मुलगी. सौद्यात आपल्याला कोण हरवणार, या तोऱ्यात पदर खोचला आणि सासूबाईंना न विचारता हो म्हणून मोकळी झाले. त्या नव्या नवरीला आज समोर उभी करून दोन धपाटे घालावेसे वाटतात. विसर्जनानंतर घरात उरलो आम्ही चौघं आणि ती म्हैस. मी दही लावलं, ताक घुसळलं, तूप कढवलं. मांजर इतकी माजली की उंदीर समोरून गेला तरी मान वळवीना. सासूबाई वाटेने जाणाऱ्याला थांबवून सांगायच्या, "आमच्या सुनेन म्हस भाड्यान घेतल्यान. आता शेण काढूचा तेवढा रवला." शेवटी मी रडत भागीकाकीकडे गेले, निम्मं तरी कमी कर म्हणून. ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "गो बाय, बोलणा झाला ता झाला," म्हणाली. "तुझ्या बोलण्यार मी म्हस घेतलंय." तिचं काही चुकलं नव्हतं. दूध वर्षभर येत राहिलं.

ही गोष्ट माझ्या नातीला, मुग्धाला, फार आवडायची. मुग्धा गेली, त्याला आता दोन महिने होत आले. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून बसले आणि कागदावर पहिल्यांदा दूधच सांडलं... त्याला कारण आहे.

मुग्धा माझ्या थोरल्याची मुलगी. वाढली डोंबिवलीत, नोकरी पुण्यात. दोन वर्षांपूर्वी गणपतीला आली आणि सगळे परतीच्या गाडीत बसले तेव्हा ही पडवीत टेबल पुसत होती. "आजी, ऑफिस म्हणतं कुठूनही काम करा. मी इथून करते." मी मनात म्हटलं, चार दिवस हौस फिटू दे, डास चावले की जाईल. डास चावले. माडाची झावळी पडून इंटरनेटची वायर तुटली, तीसुद्धा एकदा नव्हे. ती गेली नाही.

तिचं काम काय, हे मला कळायला बराच काळ गेला. "मी कंपनीचं बिल कमी करते," ती सांगायची. "म्हणजे घासाघीस करतेस?" "साधारण तसंच." तिची कंपनी मुलांना परीक्षेच्या सराव चाचण्या ऑनलाइन द्यायची. त्यासाठी लागणारे कॉम्प्युटर स्वतःचे नव्हते. ते कुठल्या तरी भल्यामोठ्या कंपनीच्या थंडगार खोल्यांत असतात आणि तासाच्या भाड्याने मिळतात. याला ते लोक क्लाउड म्हणतात. तासाने घेतलं तर दर जास्त. "वर्षभर एवढं घेईन किंवा तीन वर्षं एवढं घेईन, असा शब्द दिला तर दर खूप उतरतो," मुग्धा म्हणाली, "पण मग वापरा, नाहीतर नका वापरू, पैसे द्यावेच लागतात. मध्येच मोडता येत नाही." हे ऐकून विळीवरचा माझा हात थांबला. "अगो," मी म्हटलं, "ही तर भागीकाकीची म्हस!"

ती आधी हसली आणि मग हसायची थांबली. तिचे साहेब नेमके त्याच आठवड्यात तीन वर्षांचा शब्द द्यायला निघाले होते, आणि धरत होते परीक्षेचा महिना. त्या महिन्यात देशभरची मुलं एकदम तुटून पडतात, परीक्षा संपली की सगळीकडे सामसूम. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत होते, तर पडवीतून हाक आली, "आजी, जरा ये गो, ती दुधाची गोष्ट सांग." मी सूप हातात घेऊनच गेले. स्क्रीनवर चौकटीचौकटीतून माणसं बसलेली. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, सासूबाईंच्या आवाजासकट. साहेब पुण्याचे, अगदी मऊ बोलणारे. म्हणाले, "म्हणजे आजी, आम्ही गणपतीचा आठवडा धरून वर्षाचं दूध ठरवतोय?"

"ठरवा की," मी म्हटलं. "फक्त एक मांजर पाळा."

मग मुग्धाने तिच्या पद्धतीने केलं. आधी कुणीच वापरत नव्हतं तरी चालू राहिलेली मशीनं बंद केली. "रिकाम्या खोलीतला दिवा मालवायचा आणि मग विजेचं बोलायचं," हे तिने मला माझ्या भाषेत सांगितलं. मग वर्षातला सगळ्यात सामसूम काळ बघितला. तेव्हाही जेवढं लागतंच लागतं, तेवढ्याचाच तीन वर्षांचा शब्द दिला. त्याच्यावर थोडं एक वर्षाचं. आणि परीक्षेच्या झुंडीसाठी तासाचं भाडं, महाग पडलं तर पडलं. साहेबांनी नंतर सांगितलं, की ज्यांनी कोकण डोळ्यांनी पाहिलेलं नाही अशी पोरंसुद्धा तिथे एकमेकांना म्हणतात, "ए, गणपती धरू नकोस." एवढी जुनी बेअब्रू अशी कामाला आली, याचा मला चोरून अभिमान वाटला होता.

पण त्या दुधाने माझ्यात एक भीती घालून ठेवली होती, ती कुणाला कधी सांगितली नव्हती. भागीकाकीचं ते वर्ष संपल्यावर मी पुन्हा कधी रतीब लावला नाही. लागेल तसं रोजच्या रोज घ्यायचं. हे गेले, मुलं मुंबईची झाली, तरी तसंच. भागीकाकीची सून शेवंता आता दूध घालते. ती कितीदा म्हणाली, "काकी, रतीब लाव गे, दर कमी करतंय." मी नाही म्हणायची. घरात उद्या कोण असेल आणि कोण नसेल, याचा शब्द आपण कशावर द्यायचा? मुग्धा आल्यावर तर मी रोज सकाळी तिची बॅग कोपऱ्यात आहे ना, ते आधी बघायची आणि मग चूल पेटवायची. सरळ विचारायची हिंमत नव्हती. शेवटी शिमग्याच्या सुमाराला तिरकं विचारलं, "काय गो, तुझ्या दुधाचं किती दिवसांचं धरू?"

तिने कानातला इयरफोन काढला, खुर्ची माझ्याकडे वळवली. तिला माझा प्रश्न बरोबर कळला होता. म्हणाली, "आजी, मला गणपतीत धरू नकोस. बाकीच्या वर्षात धर."

मी तशीच उठले. मागच्या दारी जाऊन शेवंताला हाक मारली आणि म्हातारपणी पुन्हा वर्षाचं बोलले. रोज दोन मापं, एक माझं, एक तिचं. या शिमग्याला ते बोलणं पुन्हा वर्षभरासाठी वाढवलं. पहिल्या खेपेला माझा हिशोब चुकला होता आणि सगळं गाव हसलं होतं. या खेपेला हिशोब बरोबर होता. घरातलं कमीत कमी काय ते धरलं होतं, जे असणारच असतं तेवढंच. त्यात एक पैशाची हाव नव्हती.

आषाढात लावणीच्या दिवसांत ती शेवंताच्या शेतात उतरली. गुडघाभर चिखलात उभी राहून मला ओरडून सांगत होती, "आजी, बघ, माका जमता!" रोपं वाकडी लावली होती. नंतर ताप आला. पावसाळी ताप, आम्हाला वाटलं; चिखलातून येणारा लेप्टो आहे, हे उशिरा कळलं. काढा दिला, डॉक्टरांच्या गोळ्या आणल्या. पण डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि तिथून गोव्याला न्यायचं ठरलं. घरून निघताना, गाडीत बसल्यावर तिने माझा हात धरला. तळवा चुलीसारखा तापला होता. "आजी, मी येईपर्यंत माझ्या वाटणीच्या दुधाचं दही लाव," म्हणाली. "वाया घालवू नकोस. नाहीतर पुन्हा मांजर..." हसायला गेली, तर खोकला आला.

मी दही लावत राहिले. माझा थोरला मुंबईहून थेट गोव्याला गेला होता. त्याचा फोन आला तेव्हा मी विरजणाची वाटी हातात घेऊन उभी होते. "आई," एवढंच म्हणाला. पलीकडे कुणीतरी गाडीचं दार लावल्याचा आवाज आला. मी वाटी खाली ठेवली आणि बराच वेळ ती सरळ आहे की वाकडी एवढंच बघत बसले.

लोक भेटायला आले. बरं-बरं बोलून गेले. त्यातलं एकही मला उपयोगी पडलं नाही, आणि आता या वयात खोटं कशाला बोलू, पडेल असंही वाटत नाही. तेराव्यानंतर तिच्या साहेबांचा फोन आला. तो मऊ आवाज त्या दिवशी फाटला होता. म्हणाले, "आजी, तिने केलेला तीन वर्षांचा करार अजून चालू आहे. दर महिन्याला बिल कमी येतं आणि आम्हाला ती आठवते."

"ती नसली तरी चालतो?" मी विचारलं.

"हो. तो मोडताच येत नाही."

फोन ठेवून मी पडवीत तिच्या खुर्चीवर बसले. कुठल्या तरी थंडगार खोलीत तिच्या शब्दावर मशीनं चालली आहेत आणि शब्द देणारी नाही. आणि इथे मी. माझ्या नावाचं वर कुणी किती वर्षांचं बोलून ठेवलंय, देव जाणे. काडीचा उपयोग नाही, तरी चालूच. मुग्धा असती तर पहिल्या फटक्यात मलाच बंद केली असती, असं मनात आलं, आणि सवयीने मान वर केली... ती हसतेय का, बघायला.

मग गणपती आले. यंदा साधेच, आरती हळू आवाजात. तरी सगळे आले, घर भरलं, ओटीवर चपलांचा ढीग झाला. त्या गर्दीत मी कशी कोण जाणे, पण निभावून नेलं. तिने सांगितलंच होतं, मला गणपतीत धरू नकोस. मी धरली नव्हती. विसर्जन झालं, गाड्या गेल्या, खळ्यातली रांगोळी पायांनी पुसली गेली. आणि मग बाकीचं वर्ष सुरू झालं, ज्यात तिला धरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता मागच्या दारी आली. इतके दिवस ती दोन मापं घालत होती आणि मी दोन्ही घेत होते. एकाचा चहा व्हायचा, एकाचं दही. ते मी खात नव्हते, गणपतीतही कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता. फडताळावर दह्याची भांडी ओळीने मांडलेली, काही आंबून पिवळी पडलेली. ती तिने पाहिली. पातेल्यात एक माप ओतलं आणि किटलीला झाकण लावलं. मी पातेलं तसंच पुढे धरून राहिले. "शेवंता, दुसरा माप? आपला बोलणा शिमग्यापर्यंत आसा," मी म्हटलं. "तुझ्या सासून तेव्हा माका मोडूक दिल्यान नाय."

मला तिच्या तोंडून तेच ऐकायचं होतं, बोलणा झाला ता झाला. त्या नव्या नवरीला जे ऐकून रडू फुटलं होतं, तेवढंच मला हवं होतं. शेवंताने किटली खाली ठेवली. माझ्या हातातलं पातेलं काढून ओट्यावर ठेवलं आणि पाठीवर हात ठेवून, अगदी मायेने, म्हणाली,

"काकी, तेव्हाचा सोड गे. एकट्या जीवाक एवढा दूद कित्याक? मी माझ्याकडना मोकळी केलंय तुका. उद्यापास्ना एकच माप घालतंय."