गोलच्या बाहेरचा जयवंत

जयवंत शिर्के स्केटिंग शिकला तो पळण्यासाठी, आणि नशिबी आलं ते उभं राहणं.

अमेरिकेहून आलेल्या आत्तेभावाने सत्त्याण्णव साली एका ओळीत चार चाकं असलेले स्केट्स बडोद्यात आणले आणि परत जाताना जयवंतच्या गळ्यात मारले. जयवंत तेव्हा पंचविशीत होता, अलकापुरीतल्या एका विम्याच्या ऑफिसात नुकताच चिकटला होता. संध्याकाळी तो सिमेंटच्या रिंकवर असा सुटायचा की टाय खांद्यावरून मागे उडायचा. तिथे फत्तेसिंहराव नावाचे निवृत्त पीटी मास्तर चाकांवरच्या हॉकीचा संघ बांधत होते. त्यांनी त्याला फॉरवर्ड म्हणून घेतलं. घरातून निघताना जयवंत आता शीळ वाजवू लागला.

वर्षभर मजेत गेलं. मग संघाचा गोलकीपर कॅनडाला गेला.

"जयवंतराव, आजचा दिवस सांभाळून घ्या ने," फत्तेसिंहराव म्हणाले. "उद्या बीजा कोणी बघू."

जयवंतने पॅड बांधले. पॅड कसले, गादीचा फोम रेक्झिनमध्ये शिवलेला! मे महिन्यात ते अंगावर चढवून उभं राहणं म्हणजे रजई पांघरून चुलीपाशी बसणं. तरी त्याने एकही गोल होऊ दिला नाही, आणि तिथेच फसला. वाईट खेळला असता तर सुटला असता. तो 'आजचा दिवस' काही संपला नाही.

घरीही तीच तऱ्हा. थोरले भाऊ न्यू जर्सीला, मग आईवडिलांपाशी कोण? "आमचा जयवंत आहे ना!" त्याची आई रमाबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायच्या. मार्चअखेर ऑफिसात सगळ्यांच्या घरी लग्नकार्यं निघायची, थांबायला जयवंत. संघातली पोरं एकेक करून शिकागोला, मेलबर्नला, गेला बाजार पुण्याला तरी निघून गेली, आणि प्रत्येकाला स्टेशनवर पोचवायला जयवंत. तो मनातून चिडायचा, पण हसऱ्या तोंडाने चिडणाऱ्याची दखल कोण घेतो? एकदा तो गोलच्या जाळीला टेकून पाणी पीत होता. आपण इथेच म्हातारे होणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्या दिवशी तो घरी येऊन नीट जेवलाही नाही.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर बातमी आली. हिमाचलात खऱ्या बर्फावर हौशी संघांची आइस हॉकी स्पर्धा होती आणि चाकांवर खेळणाऱ्यांनाही आमंत्रण होतं. जयवंतने आयुष्यात पहिल्यांदा अट घातली.

"सर, मी येतो. पण फॉरवर्ड म्हणून. गोलमध्ये उभा राहणार नाही."

"अने मग गोलमध्ये कोण?"

"मी तयार करतो."

त्याने कॉलेजातल्या सिद्धार्थला धरलं. उंच, आळशी, पण नजर तेज. जयवंतने स्वतःला येत होतं ते सगळं त्याच्यात ओतलं. चेंडूऐवजी खेळतात ती रबराची चकती, म्हणजे पक, अंगाखाली कसा दाबायचा, डाव्या हाताने हवेतच कसा झेलायचा, गुडघ्यांवर कसं पडायचं. कैद्याने आपल्याच कोठडीची किल्ली घडवावी इतक्या आनंदाने तो शिकवत होता, फरक इतकाच की इथे जेलरही तोच होता.

राहिला बर्फ. चाकांवर थांबायचं तर वळसा घ्यावा लागतो. बर्फावर चाकांऐवजी पाती असतात, ती दोन्ही एकदम आडवी टाकायची. बडोद्यात बर्फ मिळतो तो सरबतात! पण गोरव्याला त्याच्या शाळासोबत्याचा, बळवंतरावचा, बर्फाचा कारखाना होता. सकाळी टेम्पो यायच्या आत दोघं अंगणात लाद्या एकीला एक भिडवून पट्टा करायचे आणि जयवंत मागून आणलेले बर्फाचे स्केट्स घालून त्यावर थांबायला शिकायचा.

"अरे भाई, हा बरफ लग्नाला जायचाय," बळवंतराव ओरडायचा. "वरबापाला तुझ्या पायाची धूळ पाजू का?"

लाद्या मोडल्या, ढोपरं फुटली, पण थांबणं आलं. आईवडिलांपाशी मावशीला आणून ठेवलं, साहेबाशी भांडून रजा घेतली आणि बूड हलवून जयवंत शिर्के एकदाचा बडोद्याबाहेर पडला.

पहिला सामना. चारी बाजूंनी डोंगर, नाकाला झोंबणारी थंडी, आणि अंगावर पॅड नाहीत. जयवंत धावला. पाठीमागे काही राखायचं नव्हतं. त्याने पाती आडवी टाकून झकास ब्रेक मारला तेव्हा फत्तेसिंहरावांनी कडेवरून टाळ्या वाजवल्या. जयवंतच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थंडीने नव्हतं.

बरोबरी असताना संघातल्या अनीशने जोरात फटका मारला. समोरचा गोलकीपर तो अडवताना आडवा झाला आणि पक उसळून जयवंतकडे आला. पुढे रिकामा गोल. काठी नुसती टेकवली असती तरी पुरे होतं.

जयवंत गुडघ्यांवर पडला. डाव्या हाताने त्याने पक झेलला, छातीखाली घेतला आणि घट्ट दाबून धरला.

शिट्टी वाजली. क्षणभर कोणाला काही कळेना, मग प्रेक्षकांत हशा पिकला. गोलकीपरने केलं तर शाबासकी, दुसऱ्याने केलं तर गुन्हा. पंचाने त्याला दोन मिनिटांसाठी कडेच्या शिक्षेच्या कठड्यात बसवलं.

तिथून त्याने सिद्धार्थला पाहिलं. एक खेळाडू कमी होता, फटक्यांवर फटके येत होते आणि पोरगा हुबेहूब जयवंतसारखा गुडघ्यांवर पडून एकेक अडवत होता. जयवंतला अभिमान वाटायला हवा होता. त्याला हेवा वाटला, इतका की त्याची त्यालाच लाज वाटली.

"सर, मला गोलमध्ये जाऊ द्या," तो कठड्यावरून ओणवून म्हणाला.

"शा माटे, कशाला? तो सरस रमे छे ने, मस्त खेळतोय!" फत्तेसिंहराव हसले. "आता तुम्हाला कोणी तिथे उभं करायचं नाही, जयवंतराव. तुम्ही मोकळे. जा, रमा, खेळा!"

दोन मिनिटं संपली. पंचाने कठड्याचं दार उघडलं. पुढे सगळा बर्फ मोकळा पडला होता, सोबती हाका मारत होते, आणि जयवंतला उठवेना.