"भिडा गं!" म्हणून ओरडताना

कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघात मी मागे, गोलकीपरच्या पुढे खेळायचे. आवाज मोठा, म्हणून कप्तानकीही माझ्याच गळ्यात पडली होती. शेवटचं वर्ष होतं. ती सेमीफायनल जिंकलो तरच पुढची मॅच, नाहीतर बूट कायमचे माळ्यावर.

समोर धारवाडकडचं कॉलेज होतं. त्यांच्या मुली बॉल पायाशी ठेवतच नव्हत्या. आला की दिला, आला की दिला. मागे धावलं तर नुसती दमछाक. सरांनी त्यावर तोड काढली होती. एरवी आपापली जागा धरून राहायचं आणि मी हाक दिली की तिघींनी एकदम बॉलवाल्या मुलीच्या अंगावर जायचं. तिला मान वर करायलाही वेळ मिळता कामा नये. तिघी पुढे गेल्या की त्यांच्या मागची जागा मोकळी पडणार, हा धोका होताच. पण बॉल तिथवर जाऊच द्यायचा नाही, असा हिशोब होता. मागून मला सगळं मैदान दिसायचं, म्हणून हाक माझी.

हाक कशी द्यायची यावर आम्ही फार हुशारी केली. खुणा नकोत, आकडे नकोत, सरळ मराठीत ओरडायचं. "त्यास्नी कुठलं कळतंय?" मी म्हणाले आणि सगळ्या हसल्या. आम्ही बेळगावच्या पोरी. बसमध्ये कन्नड, दुकानात कन्नड, भांडणात तर दोन्ही. आम्हाला त्यांचं कळतं, मग त्यांच्यातल्या एखादीला आमचं कळत असेल, हे एकीच्याही टाळक्यात शिरलं नाही. या भागात राहून इतकं बावळट व्हायला खरं तर मेहनत लागते.

"डावीकडनं भिडा गं!" मी ओरडले. तिघी तुटून पडल्या, बॉल हिसकावला आणि त्यातूनच आमचा गोल झाला. मग माझी जीभ जास्तच सैल सुटली. रेषेबाहेर एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, काखेत पिशवी, लुगड्याच्या काठाला वाळलेला चिखल. त्यांच्या आठ नंबरच्या मुलीनं तिला हात केला. मी आमच्या गोलकीपरला मोठ्यानंच म्हटलं, "बघ गं, आईला थेट शेतातनं उचलून आणलीया. आंघोळ तरी घालून आणायची!" गोलकीपर पोट धरून हसली.

माझी आईही बेळगावजवळ काकतीला, आमच्या गावी, शेतातच राबते. पहिल्या वर्षापासून ती विचारायची, "यिऊ काय गं एकदा तुझा खेळ बघाया?" मी दरवेळी सांगायचे, "कुणाच्याच घरचं कोण येत न्हाई, आई. तुलाच कसंतरी वाटंल."

दुसऱ्या हाफमध्ये गणित बिघडलं. मी "उजवीकडनं भिडा" म्हणायचा अवकाश, आठ नंबर बॉल न अडवताच, आमच्या तिघी जिथून निघाल्या त्याच मोकळ्या जागेत टाकायची. मला वाटलं, आमच्या पोरी उशिरा निघताहेत. म्हणून मी आणखी जोरात ओरडले. सर बाहेरून हाका बंद कर म्हणत होते, पण मी ऐकते कसली! बरोबरी झाली. मग त्यांचा दुसरा गोलही माझ्याच हाकेवर झाला, तो अडवायला धावताना मी आडवी पडले आणि थोड्या वेळानं शिट्टी वाजली.

हात मिळवताना आठ नंबर म्हणाली, "अक्का, पडलीस मगाशी. लागलं न्हाई न्हवं?"

मी विचारलं, "तू मराठी?"

"जांबोटीकडची मी, हितं बेळगावजवळचीच. शिकाया तिकडं हॉस्टेलला हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. हरल्याचं दुःख कुठल्या कुठे गेलं. मी बोललेलं एकेक वाक्य आठवत गेलं आणि लाजेनं कान तापले. माफी मागायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात तिची आई आली. पिशवीतून फडकं काढून तिनं तांदळाच्या भाकऱ्या आणि चटणी पुढे धरली. "खावा गं पोरींनो, दमलासा." आमच्यातलं कुणीच हात पुढे करेना. मग माझ्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "आंघोळ करूनच थापल्यात, बाई. चिखुल वाटंत लागला."

टोमणा नव्हता त्यात. ती खरोखरच मला खात्री देत होती. मी भाकरी घेतली. तिच्यासमोरच सगळी संपवली.

संध्याकाळी घरी आले तर आई चुलीपुढे होती. "हरलासा व्हय?"

"व्हय."

"कुणाच्या घरचं कोण आलतं काय बघाया?"

आता तरी खरं सांगावं, असं मनात आलं होतं.

"न्हाई," मी म्हणाले. "कुणीच न्हाई."

"मग बरं झालं मी आली न्हाई ते," आई म्हणाली आणि तिनं माझ्या ताटात गरम भाकरी वाढली.