हद्दीबाहेरचा कोल्हापुरी

समजा, तुम्हाला पुण्याजवळच्या मोशीतल्या एका किराणा दुकानात फळीसमोर उभं केलं. फळीवर गुळाची पाच-सहा पाकिटं, आणि प्रत्येकावर ‘अस्सल कोल्हापुरी’. कुणी फेटेवाला पैलवान छापलाय, कुणी देवळाचं शिखर, एकानं तर नुसत्या मिशाच. आता सांगा, यातला खरा कोणता? तुम्ही रंग बघाल, नखानं टोकराल, चिमूटभर तोंडात टाकाल आणि शेवटी चेहरा गंभीर करून जो सगळ्यात गोड लागला त्याच्याकडे बोट दाखवाल.

ज्योतीरामनं असलं काही केलं नाही. तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागाचा सुपरवायझर होता, आणि चव बघून पास-नापास ठरवणाऱ्यांबद्दल त्याच्या मनात खोल तुच्छता होती. त्यानं येताना घरून कपडे भिजवायचा लाल टब आणला होता. कंपनीत नापास माल लाल पेटीत जातो, म्हणून इथं लाल टब. बायकोनं दारातच विचारलं होतं, “अहो, गुरुवारची सुट्टी आहे ना आज? मग टब घेऊन ड्युटीवर कुठं?” त्यावर “तुला नाही कळायचं,” असं तो म्हणाला होता. हे वाक्य त्याला संध्याकाळपर्यंत महागात पडणार होतं, पण सकाळी त्याची छाती फुगली होती.

कारणही तसंच होतं. संक्रांत तोंडावर आलेली. त्याच्या सोसायटीतल्या कुसुमताई बचत गट चालवायच्या आणि गटाकडं तिळगुळाच्या लाडवांची मोठी मागणी आली होती. मागच्या वर्षी गुळात साखर निघाली आणि लाडू असे झाले, की एका आजोबांची कवळी हातात आली. या वर्षी गटानं खोक्यांवर आधीच छापून घेतलं होतं, ‘अस्सल कोल्हापुरी गुळाचे’. आता तसा गूळ मिळाला की झालं.

आणि ज्योतीरामचा थोरला भाऊ अर्जुनराव गावाकडं गुऱ्हाळ चालवत होता. ही मागणी दादाला मिळाली तर हंगामातला अर्धा गूळ व्यापाऱ्याच्या दारात न जाता थेट मोशीत खपणार होता. गुळाला कायद्यानं भौगोलिक मानांकन आहे, ठरलेल्या हद्दीतल्या गुळालाच कोल्हापुरी म्हणता येतं, हे ज्योतीरामनं मोबाइलवर वाचलं आणि त्याला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. बनावट माल पकडायचा आणि वर घरचा माल खपवायचा! आयुष्यात पहिल्यांदाच त्याची नोकरी आणि त्याचं गाव एकाच कामाला आलं होतं.

“कुसुमताई, पहिला नियम,” त्यानं सोबत दुकानात आणलेल्या ताईंना सांगायला सुरुवात केली, “भाग कितीही चकचकीत असू दे, आधी ड्रॉइंग बघायचं. ड्रॉइंगच्या बाहेर गेला, तर देवानं बनवलेला असला तरी नापास. इथं ड्रॉइंग म्हणजे नकाशा. चव नंतर.”

दुकानदार अझहर गल्ल्यावर कोपरं टेकून मजा बघत होता. “भाऊ, सगळंच नापास करू नका हां. दुकान माझं आहे.”

ज्योतीराम एकेक पाकीट उलटं करत होता. पैलवान कुठला? पाकिटावर पत्ता लातूरचा. टबात. देवळाचं शिखर? पत्ताच नाही. टबात. मिशा मेरठच्या निघाल्या. अझहरला स्वतःलाच हसू आवरेना. “अरे, मी तर या मिशा कोल्हापूरच्या म्हणून रोज विकतोय, राव!” एक पाकीट मात्र कागल तालुक्यातलं निघालं, मानांकनाच्या खुणेसकट. ज्योतीरामनं ते मोठ्या मनानं पास केलं. एखादा स्पर्धक असावा, म्हणजे तपासणी निःपक्षपाती वाटते.

मग त्यानं पिशवीतून दादाची ढेप काढली. सोनेरी, कणीदार. वर त्यानं स्वतः छापून आणलेला कागद, ‘अस्सल कोल्हापुरी’. कुसुमताईंनी तुकडा मोडून तोंडात टाकला.

“गूळ एक नंबर आहे हो, भाऊ,” त्या म्हणाल्या. “गाव कुठलं म्हणालात?”

“सोनहट्टी.”

“तालुका?”

“आमचं निपाणीला लागूनच.”

“निपाणी कर्नाटकात ना?” कुसुमताईंनी अगदी सरळ विचारलं. त्यांचं माहेर सीमेलगतच्या गडहिंग्लजचं होतं, हे ज्योतीरामला त्या क्षणी कळलं.

 अझहरनं गल्ल्यावरची कोपरं काढली.

आता ज्योतीराम काही लबाड माणूस नव्हता. खरंच सांगायचं, तर सोनहट्टी कर्नाटकात आहे हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, पण ते आडनावासारखं, रोज आठवत नाही असं. घरी मराठी, शेंगदाणा चटणी तीच, वेदगंगा नदीचं पाणी तेच. आयटीआय करून तो आकुर्डीला पहिल्या नोकरीवर आला तेव्हा कुणी गाव विचारलं, की सोनहट्टी सांगून पुढं अर्धा तास भूगोल शिकवण्यापेक्षा ‘कोल्हापूर’ म्हणणं सोपं पडायचं. मग ते अंगात भिनलं. गाडीच्या मागं ‘नाद करायचा न्हाई’ आलं. तांबड्या रश्श्यानं त्याला जळजळ व्हायची, तरी पाहुण्यांसमोर तो वाट्या रिचवायचा आणि आत जाऊन गोळी घ्यायचा. इतकी वर्षं तपासणी करणारा माणूस, पण स्वतःला एकदाही ड्रॉइंगवर ठेवून बघितलं नव्हतं.

“भाऊ,” अझहर हळूच म्हणाला, “तुमचाच नियम आहे. मी काय बोलू?”

ज्योतीरामनं ढेप उचलली आणि मेरठच्या मिशांशेजारी टबात ठेवली.

कुसुमताईंना वाईट वाटलं. “खोकी छापून झालीत हो. नाहीतर तुमचाच घेतला असता.” आणि त्यांनी कागलच्या गुळाची मागणी नोंदवली, ज्योतीरामनं स्वतः पास केलेल्या.

अझहरची पाकिटं त्याला परत देऊन, टब बगलेत मारून तो घरी आला. बायकोनं टबात डोकावून पाहिलं, भावाची ढेप ओळखली आणि फक्त म्हणाली, “कळलं मला.”

दादाला फोन करणं भाग होतं. अर्जुनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसले.

“आरं ज्योत्या, तुला हद्द आज घावली व्हय? व्यापारी तर कधीपासनं सांगतोय, नाव न्हाई तर भाव न्हाई.”

“दादा, पण हे बरोबर नाही. एकाच नदीचं पाणी…”

“बरोबर कसं न्हाई? आपल्या लालमहंमदला इचार.” लालमहंमद म्हणजे दादाच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या, काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, उकळता रस कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस. “त्येचं सोताचं गुऱ्हाळ व्हतं की कागलकडं, हद्दीच्या आत. तुझ्या त्या मिशावाल्यांनी कोल्हापुरी म्हणून साखर घातलेला गूळ स्वस्तात इकला, आन् ह्येचं चुलवाण थंड पडलं. म्हणून तर आपल्याकडं राबतोय. त्येच्या नावाला कायद्यानं कुंपण घातलं, तर मी कुठल्या तोंडानं नको म्हनू?”

 आपण छापून आणलेला कागद कुणाच्या चुलीवर पाणी ओतणाऱ्यांतला होता, हे ज्योतीरामला तोवर सुचलंच नव्हतं. त्यानं तो ढेपेवरून सोलून काढला. गुळाला चिकटलेला, नीट निघाला नाही.

“मग आपला गूळ सोनहट्टीचा म्हणूनच विकू,” तो म्हणाला.

“इक की. पण सोनहट्टी कुनाला ठावं हाय? तुला तरी इतकी वर्सं कुठं आठवली?”

हे मात्र वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं गाडीमागचा ‘नाद’ खरवडून काढला आणि अझहरला विचारून सोनहट्टीच्या चार ढेपा फळीवर ठेवल्या, साध्या कागदात, गावाच्या नावानं. दोन दिवसांत एक गेली. ती अझहरच्या आईनं, मदिनाचाचींनी नेली, आणि तीही बहुधा दयेनं.

पण तपासणीवाल्याचं डोकं शांत बसत नाही. लालमहंमदचं गुऱ्हाळ पडून आहे, पण काहील अजून शाबूत आहे असं दादा म्हणाला होता. मग सोनहट्टीचा ऊस ट्रॅक्टरनं हद्द ओलांडून तिथं नेला, तिथंच चुलवाण पेटवलं आणि लालमहंमदनं रस उतरवला तर? कंपनीत त्यानं विचारलं, तर कुणी म्हणालं कच्चा माल कुठला तेच धरतात, कुणी म्हणालं माल तयार कुठं झाला ते बघतात. अझहर म्हणाला, “भाऊ, ज्याचं नाव आहे त्यालाच विचारा.” खरं तर लालमहंमदलाच विचारायला हवं होतं, पण तो छापलेला कागद आठवला की फोन लावायला ज्योतीरामचं मन अजून धजत नाही. ऊस पलीकडचा, काहील अलीकडची आणि हात ज्याचं नाव बुडालं त्याचे, तर त्या ढेपेला कोल्हापुरी म्हणायचं की नाही?