लाँड्रीवाल्या बाईंची वाचनयात्रा

लाँड्रीवाल्या बाईंचं माणसांविषयीचं मत फारसं चांगलं नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. वीसेक वर्षं काउंटरमागे उभं राहून लोकांनी उतरवलेले कपडे हातात घेतल्यावर कुणाचंच मत चांगलं राहत नाही. सभेत स्वच्छतेवर बोलणाऱ्या गृहस्थांच्या कॉलरी त्यांनी पाहिल्या होत्या. 'आमच्या घरात कुणी पीत नाही' म्हणणाऱ्यांचे टेबलक्लॉथ पाहिले होते. डागाभोवती खडूनं गोल काढायचा, नंबराची चिठ्ठी टाचायची आणि गिऱ्हाईक पाठमोरं झालं की इस्त्रीवाल्याकडे बघून एक भुवई वर करायची, हा त्यांचा धंदा. भुवईचे पैसे मिळत नसत, ती हौस होती.

बाई बी.ए. झालेल्या, त्याही साहित्य घेऊन. सासऱ्यांच्या लाँड्रीत बसावं लागलं तेव्हा पदवी कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली सासूकडे. पण साहित्याचा त्यांना तिटकारा आला तो लाँड्रीमुळे नव्हे, आधीपासूनच. त्यांना शेवटच्या वर्षाला एक कादंबरी होती. नदीकाठच्या शाळेतली एक मास्तरीण, तिच्या वर्गातला एक मुलगा सहलीत नदीत बुडतो, कुणी तिला बोल लावत नाही, पण ती स्वतःला खात राहते आणि शेवटी एका पहाटे पायऱ्या उतरून नदीत शिरते. 'नायिकेचं आत्मसमर्पण, सविस्तर चर्चा करा' असा प्रश्न हमखास यायचा. बाईंनी 'उदात्त', 'करुणगंभीर' असे शब्द पेरून उत्तर लिहिलं, भरघोस गुण मिळवले आणि परीक्षेच्या हॉलबाहेर येऊन मैत्रिणीला म्हणाल्या, "बावळट होती गं बाई. पोरांना कोण शिकवणार मग?" पुस्तक त्यांनी रद्दीत दिलं. पुन्हा म्हणून कादंबरीला हात लावला नाही.

आणि आता नेमकं तेच पुस्तक त्यांच्या लेकीच्या उशाशी होतं.

लेक नर्स होती. वॉर्डातले एक आजोबा तिला फार लळा लावून बसले होते. ते एका संध्याकाळी गेले, आणि ते गेले तेव्हा ती कँटीनमध्ये होती. डॉक्टर म्हणाले, तू तिथं असतीस तरी काही फरक पडला नसता. मेट्रन म्हणाली, सुट्टी घे. तिनं सुट्टी घेतली ती घेतलीच. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, युनिफॉर्म लाँड्रीच्या प्लास्टिकमध्ये कडक इस्त्रीचा लटकत राहिला. लेक 'हो', 'नको', 'ठेव तिथं' एवढंच बोलायची आणि ते पुस्तक वाचायची. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

बाईंनी एकदा ते लाँड्रीत नेऊन हॉटेलच्या चादरींखाली दडपलं. दोन दिवसांत वाचनालयाची प्रत उशाशी हजर. तेव्हापासून बाई चहा द्यायला जाताना आधी खूण कुठल्या पानावर आहे ते बघायच्या. खूण मधल्या पानांत असली की त्यांना जेवण जायचं. शेवटाकडे सरकली की त्या लेकीच्या खोलीबाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसायच्या. न्हाणीघराची आतली कडी त्यांनी एका दुपारी काढून टाकली होती. कुणी विचारलं की म्हणायच्या, "सुतार मिळत नाहीये मेला." भीती कशाची ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नाही. तोंडातून काढलं की खरं होतं, अशी त्यांची समजूत, बी.ए. असल्या म्हणून काय झालं.

मनाचे डॉक्टर मात्र खूश होते. "वाचतेय ना? वाचू द्या. वाचनासारखं औषध नाही."

"कुठलं पुस्तक ते विचारलंत का?" बाई म्हणाल्या.

"कुठलंही. अक्षरांनी माणूस सावरतो."

बाईंनी खुर्चीवर टाकलेल्या त्यांच्या कोटाकडे पाहिलं. खिशाच्या तोंडाशी शाईचा डाग होता, तोही जुना. ज्याला स्वतःचं पेन सावरत नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या 'बरं' म्हणून उठल्या.

मग लेकीनंच एक दिवस जाहिरात पुढे केली. 'वाचनयात्रा. लाडक्या कादंबरीच्या गावी, नदीकाठी.' ती म्हणाली, "मला जायचंय." एवढ्या महिन्यांत तिनं मागितलेली पहिली गोष्ट. बाईंनी जाहिरात नवऱ्यापुढे टाकली.

"जाऊ दे की," नवरा म्हणाला. "हवापालट होईल."

"हवापालट करायला दुसरी जागा नाही? डोंगर काय ओस पडलेत?"

"तिला तिथंच जायचंय ना पण."

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. नवऱ्याला काही कळलं नाही. त्याला कापडाखेरीज काही कळत नसे. शेवटी त्यांनीच बॅग भरली. लेकीची आणि स्वतःची.

बसमध्ये पंचवीस-तीस माणसं होती आणि प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तक, जणू त्याच्याशिवाय बसमध्ये घेणार नव्हते. बाईंनी पहिल्या तासात सगळ्यांना नावं ठेवून टाकली. पुढच्या सीटवर हुंदकेबाई, ज्यांचा रुमाल बस सुटायच्या आधीच ओला होता. पलीकडे टोपीवाले काका, जे उतारे पाठ म्हणायचे आणि मध्ये अडकले की खोकायचे. आणि माइक हातात धरलेले यात्रेचे सर, निवृत्त प्राध्यापक, 'आपण सारे जखमी आहोत, शब्द ही आपली मलमपट्टी' असं म्हणणारे.

"ह्यांना कुठं लागलंय?" बाई लेकीच्या कानाशी कुजबुजल्या. लेकीनं पान उलटलं.

हुंदकेबाई मागे वळल्या. "माझी ही पाचवी यात्रा. प्रत्येक वेळी पायऱ्यांवर उभी राहिले ना, की इतकं मोकळं वाटतं. तुम्ही वाचलंय?"

"मला होतं ते. बी.ए.ला."

"अय्या, आम्हालाही तेच. म्हणजे शेवट ठाऊकच आहे तुम्हाला." त्यांनी डोळे टिपले. "किती सुंदर जाते ती."

"जाणं सुंदर असतं हे मेलेल्यांनी सांगितलं का तुम्हाला?" बाई म्हणाल्या. हुंदकेबाई पुढे वळल्या आणि गावापर्यंत वळल्या नाहीत.

गाव म्हणजे एक रस्ता, बंद पडलेली शाळा, आणि नदी. शाळेच्या खिडकीला सगळ्यांनी हात लावून पाहिला. टोपीवाल्यांनी तिथल्या मातीची पुडी बांधली. बाईंना ती धुवायला आलेल्या विजारीच्या खिशात सापडेल तो दिवस दिसत होता. पण त्यांचं निम्मंच लक्ष तिकडे होतं. उरलेलं निम्मं लेकीच्या पाठीवर.

संध्याकाळी सर सगळ्यांना पायऱ्यांवर घेऊन गेले. दगडी, शेवाळलेल्या पायऱ्या. "इथं," सर हलक्या आवाजात म्हणाले, "ती थांबली. इथं तिनं वहाणा काढल्या. आणि इथून ती त्या प्रवाहात विरून गेली. आपण दोन मिनिटं शांत उभं राहू. मग एकेकानं खाली जाऊन पाण्याला स्पर्श करायचा."

एकेक जण जाऊन आला. हुंदकेबाईंना धरून आणावं लागलं. मग लेक उतरली. शेवटच्या पायरीवर तिनं चपला काढल्या. लेकीनं एक पाय पाण्यात टाकला, मग दुसरा. घोटे बुडाले. सलवार भिजली. गुडघे.

"अहाहा," मागून सर म्हणाले. "याला म्हणतात कादंबरी जगणं." कुणीतरी फोटो काढला.

बाई सँडल-पर्ससकट खाली धावल्या. शेवाळावर पाय सरकला, त्या कमरेएवढ्या पाण्यात बसल्याच, पण बसता बसता त्यांनी लेकीचा कुर्ता मागून मुठीत धरला.

"चल वर."

"आई? अगं काय करतेस? लागलं का?"

"चल वर म्हणते ना. मला माहितीये ती इथं काय करते. मी परीक्षेत लिहिलंय."

लेक वळून बघत राहिली. त्या बघण्यात बाईंना पहिल्यांदा दिसलं की तिला सगळं कळलं, न्हाणीघराची कडीसुद्धा.

"आई," ती हळू म्हणाली, "ती मरत नाही."

"काय?"

"तू पुरतं नाहीस वाचलं. तुम्हाला वीस प्रकरणंच होती ना? प्रस्तावनेत लिहिलंय. ती पाण्यात शिरते तिथपर्यंत. त्याच्या पुढे दोन प्रकरणं आहेत. ती पोहत पलीकडे जाते. तिथं धान्याचं दुकान काढते. म्हातारी होते, गिऱ्हाइकांशी भांडते, आणि पडशानं मरते."

"पडशानं?"

"साध्या पडशानं. मला फक्त बघायचं होतं, इथून पलीकडचा काठ दिसतो का. दिसतो. बघ ना."

बाईंनी पाण्यात बसल्या बसल्या पाहिलं. पलीकडे चार पडवळासारखी वाकडी झाडं, एक शेड, दोरीवर वाळत घातलेले कपडे. लांब होतं, पण पोहणाऱ्याला अशक्य नव्हतं.

वर आल्यावर बाईंनी निथळत्या साडीनं सरांना गाठलं. "ती जगते म्हणे. तुम्हाला ठाऊक होतं?"

सरांनी घसा साफ केला. "तांत्रिकदृष्ट्या. पण त्या शेवटच्या दोन प्रकरणांना जाणकार फारसं महत्त्व देत नाहीत. अभ्यासक्रमात ती कधीच नव्हती."

"म्हणजे तुम्ही पण वीसच वाचलीत."

"मी चाळली आहेत," सर म्हणाले.

टोपीवाले खोकले. हुंदकेबाई पुस्तकाची मागची पानं उलटून बघू लागल्या. ती छापखान्यातून आली तशी एकमेकांना चिकटलेली होती, कापलीच नव्हती कुणी. पाच यात्रा करून हुंदकेबाई अजून अलीकडच्याच काठावर रडत होत्या. लाँड्रीवाल्या बाईंना त्या क्षणी लोकांविषयी जे वाटलं ते वीस वर्षांच्या कॉलरी पाहूनही कधी वाटलं नव्हतं. आणि त्याच यादीत आपण स्वतः आहोत, तेही पहिल्या नंबरावर, हे काही त्यांना सुखानं गिळता आलं नाही.

विश्रामगृहात त्यांनी साडी बदलली, लेकीच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं आणि जेवणाची घंटा होईपर्यंत ती दोन प्रकरणं वाचून काढली. लेक समोरच्या पलंगावर बसून आईचं तोंड बघत होती. जेवणाच्या टेबलावर बसल्यावर बाई म्हणाल्या, "मूर्खच आहे तुझी ही बाई. मेली असती तर निदान दया आली असती."

"मूर्ख?"

"नाहीतर काय? चांगली शिकवत होती. पोरं जीव टाकायची तिच्यावर. ते सोडून पलीकडे जाऊन डाळ-तांदूळ मोजत बसली. दुकान काय, मीही चालवते. त्यात कसलं आलंय शौर्य? पळपुटी आहे नुसती."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. घरात इतके महिने सगळे जे जपून पावलं टाकत टाळत होते, ते त्यांनी भाताच्या भांड्यावरून भिरकावलं होतं. त्यांनी डाव खाली ठेवला.

लेकीचा चेहरा लाल झाला. "पळपुटी नाहीये ती."

"मग काय आहे?"

"ज्या वर्गातला मुलगा गेला ना, त्या वर्गात परत उभं राहून दाखव तू. हजेरी घ्यायची. त्याचं नाव आलं की पुढचं घ्यायचं. सोपं आहे का?" तिचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं बघू लागली. "सगळे म्हणतात तुझी चूक नाही, तुझी चूक नाही. आणि मी चहा प्यायला गेले होते, आई. त्यांनी हाक मारली असेल. मारली असणारच. आणि मी चहा पीत होते."

हाकेचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. बाईंना 'नाही गं बाळा' म्हणावंसं वाटलं, जवळ घ्यावंसं वाटलं. पण ते सगळ्यांनी करून पाहिलं होतं आणि त्यानं काय उजेड पडला होता ते दिसतच होतं.

"मग?" त्या नाक उडवून म्हणाल्या. "माणसानं चहा प्यायचा नाही? सकाळपासून उभं राहायचं आणि चहाही प्यायचा नाही, असं कुठल्या ग्रंथात लिहिलंय? तुमच्या त्या सरांना विचार हवं तर, त्यांनी चाळला असेल."

लेकीच्या नाकातून एक आवाज आला, हसू की रडू ते तिलाही ठरवता आलं नाही. डोळे पुसत ती तावातावानं म्हणाली, "तुझं ना, आई, सगळं लाँड्रीसारखं आहे. टाकलं, उकळलं, वाळत घातलं."

"जातात ना पण डाग?"

"सगळे नाही जात."

"नाही जात," बाई म्हणाल्या. "तरी लोक घालतातच कपडे. नागडं कोण हिंडतंय?"

हुंदकेबाई रुमाल घेऊन उठून आल्या होत्या. बाईंनी हातानंच थांबवलं. "ती भांडतेय माझ्याशी. मध्ये येऊ नका."

लेकीनं ताट बाजूला सारलं आणि पुस्तक उघडलं. "तू नीट वाचलंच नाहीस. घाईघाईत वाचलंस. ती दुकानात लहान पोरांना हिशोब शिकवते, ते कुठं गेलं? अं? ती शिकवणं सोडतच नाही."

"कुठंय?"

"हे बघ. हे, इथं."

"दाखव, काय दिवे लावलेत ते," म्हणत बाईंनी चष्मा पुसला आणि खुर्ची तिच्याकडे ओढली.