मालिशवालीने लिहिलेली ओळ

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं आणि मी लिहिलेल्या ओळीवर दोन आडव्या रेघा ओढल्या. कागद फाटेल इतक्या जोरात.

"ये एमआरआई किसने लिखा है?"

"मैंने, सर."

"आप डॉक्टर हैं?"

"फिजियो हूँ, सर."

"तो मालिश कीजिए ना. अब मालिशवाली एमआरआई लिखेगी?"

बाकावर पेशंट बसलेले होते. दोघं-तिघं हसले. दारातली नर्स खाली बघायला लागली. डॉक्टरांनी माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला. नाव नाही, आडनाव. मग अगदी सहज, चौकशी केल्यासारखं विचारलं, "महाराष्ट्र से हैं? सीट किस कोटे से मिली थी?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"सॉरी बोलिए."

"सॉरी, सर."

बोलले मी. तोंडातून निघालं ते. आजही ते दोन शब्द मला माझ्याच आवाजात ऐकू येतात.

आलमबागमधलं ते खाजगी हॉस्पिटल. मिस्टर फौजेत हवालदार, लखनौला पोस्टिंग झाली म्हणून मी इथे. छावणीतल्या क्वार्टरमधून रोज स्कूटीवर यायचे. तळमजल्यावर मागच्या बाजूला आमची खोली. दोन खाटा, शेकायची मशीन, आणि कंबर ताणायचं ट्रॅक्शन. हाडांचे डॉक्टर वरून चिठ्ठी पाठवायचे, आम्ही खाली करायचं. विचारायचं नाही.

ती बाई शांतीजी. पंचेचाळीसच्या आसपास. विकास नगरला एका शाळेत जेवण बनवायच्या. मोठं पातेलं उचलताना कमरेत कळ आली. डॉक्टरांनी हात न लावता दहा दिवस ट्रॅक्शन लिहिलं. तीन दिवस सगळं ठीक होतं. चौथ्या दिवशी त्या खाटेवर चढताना थांबल्या. आजूबाजूला कोणी नाही बघून माझ्या कानाशी आल्या.

"दीदी, पेशाब का पता नहीं चल रहा. कपड़े में हो जाता है."

मी त्यांना खाटेवर झोपवलं.

पडदा ओढला. कापसाचा बोळा घेतला. मांड्यांच्या आतून, बसायच्या जागेवर फिरवला. "लग रहा है?" "नहीं, दीदी." दुसऱ्या बाजूला. "नहीं." पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला. उचलला जाईना. कॉलेजात पहिल्या वर्षापासून डोक्यात ठोकून भरलेली गोष्ट होती ही. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा जुडगा असतो, तो दाबला गेलाय. ताबडतोब एमआरआय, ताबडतोब ऑपरेशन. तास मोजायचे असतात, दिवस नाही.

तेच मी त्यांच्या कार्डावर लिहिलं. आजच एमआरआय करावा. खाली सही, वेळ. आणि वर गेले. पुढचं सांगितलंच.

खाली आले तेव्हा डॉक्टरांचा निरोप माझ्याआधी पोचला होता. ट्रॅक्शन चालू ठेवा.

शांतीजी खाटेवर आडव्या पडून माझ्याकडे बघत होत्या. "क्या बोले डॉक्टर साहब?"

मी म्हणाले, "आराम हो जाएगा."

आणि मी पट्टा बांधला. माझ्या हातांनी. मशीन चालू केली.

हे लिहायला मला फार दिवस लागले. डॉक्टरांनी काय केलं ते सांगणं सोपं आहे.

घरी आले. मिस्टरांना सांगितलं. ते बूट काढत होते. म्हणाले, "सोड ना यार. ते मोठे डॉक्टर आहेत, तू कशाला मध्ये पडतेस? वरून ऑर्डर आली ना? मग तुझी जबाबदारी संपली." वाईट माणूस नाही तो. त्याचं सगळं आयुष्य ऑर्डरवर चाललंय.

मला आई आठवत राहिली. आमच्या अमरावतीकडच्या गावात आई बाळंतिणींना तेल लावायची. मोठ्या घरांच्या मागच्या दाराने आत जायची. काम झालं की चहा वेगळ्या कपात. मी कॉलेजला गेले तेव्हा मैत्रिणींना सांगितलं होतं, आई शिवणकाम करते. मालिशवाली या शब्दाला मी इतकी घाबरत होते. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. पण त्यांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं आणि मी झुकले. आई झुकली नसती. एकदा एका बाळंतिणीचं अंग तापलेलं तिच्या हाताला लागलं. सासू नको म्हणत असताना आई घरधन्याला सोबत घेऊन तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली होती. त्या घराने तिला पुन्हा बोलावलं नाही. बाळंतीण जगली.

दोन दिवसांनी शांतीजींना मुलीने व्हीलचेअरवर आणलं. दोन्ही पाय लुळे. आता मात्र डॉक्टर स्वतः खाली आले, स्वतः एमआरआय लिहिला. मग सरकारी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांनी मुलीला एकच सांगितलं, उशीर झाला.

त्यानंतर आठवडाभराने मला वर बोलावलं. या वेळी बाकावर कोणी नव्हतं. मला खुर्ची दिली. चहा मागवला.

"देखिए, वो पेशेंट का कार्ड है ना, आप नया बना दीजिए. पुराना थोड़ा गंदा हो गया है."

"नए में क्या लिखूँ, सर?"

"जो नॉर्मल होता है. दर्द था, ट्रैक्शन दिया. बाकी उसने कभी बताया ही नहीं."

टेबलावर कोरं कार्ड होतं. वर पेन ठेवलेलं. मी काही शूर नाही. नोकरी जाईल, माझं नाव सगळ्या लखनौत फिरेल, दुसरीकडे कोणी घेणार नाही, सगळं एका क्षणात दिसलं.

"नहीं बनाऊँगी, सर."

"क्या?"

"उसने बताया था. मुझे बताया था. मैंने लिखा था. आपने काटा था."

चहा न पिता उठले. खाली येऊन त्या जुन्या कार्डाची झेरॉक्स काढली. संध्याकाळी विकास नगरला गेले. शांतीजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. खाटेच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती. मला बघून त्यांनी ती ओढणीखाली झाकली. त्यांना लाज वाटली. माझ्यासमोर.

मुलीच्या हातात कागद दिला. तिने वाचला. तारीख बघितली. परत वाचला.

"दीदी, आपको पता था?"

"हाँ."

"फिर भी आपने मशीन लगाई?"

"हाँ."

ती रडली नाही. ओरडली नाही. दार उघडून उभी राहिली. मी बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं. कारण लिहिलं, उद्धट वर्तन. डॉक्टर आजही त्याच खुर्चीत बसतात. शांतीजी वॉकर धरून चार पावलं चालतात. लघवीची जाणीव परत आलेली नाही. येणार नाही बहुतेक. मी काही केलं तरी येणार नाही.

मुलीने तक्रार केली आहे. चौकशीला मला बोलावलंय. मिस्टर म्हणतात, "फक्त त्यांनी रेघ मारली एवढं सांग. पट्ट्याचं कशाला काढतेस? तू पण अडकशील."

सगळं सांगणार आहे. माझ्या हाताला कळलं होतं, ते सांगणार. त्यांनी खोडलं, ते सांगणार. कोटा विचारला, तेही सांगणार, त्याच शब्दांत. आणि पट्टा मी बांधला, हेही. कोणी दंड केला तर भोगीन.

माफी मागायची आहे, पण ती शांतीजींची. साहेबांना आता सॉरी नाही.