आधी बांध, मग अक्षरं

आमच्या पाड्यातला पहिला पदवीधर मी. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. मिळवलंय ते मिळवलंय. पण त्या पदवीच्या वाटेवर असताना माझ्या हातून जे झालं, तेही सांगायला हवं. एक मिरवायचं आणि दुसरं झाकायचं, हे मला जमत नाही.

पनवेलच्या खाडीला लागून, कळंबोलीच्या अंगाला आमची वस्ती. वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघेही दुसऱ्यांच्या मिठागरात राबत. मिठागराची जमीन पायांनी तुडवून तुडवून तव्यासारखी सपाट करावी लागते, मगच तिच्यावर सोडलेलं खाडीचं पाणी मीठ धरतं. दोघांच्याही टाचा त्या कामानं भेगाळून गेलेल्या. आमच्या कुळात स्वतःचं मिठागर एकाच माणसाचं होतं, ते म्हणजे वडिलांच्या चुलत्याचं. त्यांना सगळी वस्ती आजूस म्हणे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. तरुणपणी ते मुंबईला मीठ नेणाऱ्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते, आणि चाळिशी उलटल्यावर मचव्याच्या मुसलमान मालकाकडून लिहा-वाचायला शिकले होते.

शिकायला कारणही तसंच होतं. त्यांच्या बापानं बियाण्याच्या भाताची पावती समजून एका कागदावर अंगठा उठवला होता, आणि त्या अंगठ्याबरोबर खारीतलं शेत गेलं होतं. आजूस मरेपर्यंत सांगत, "अंगठा देवानं ताडीचा पेला धराया दिलाय. कागदाला लावाया नाय."

ते वैशाखात गेले. बाराव्यानंतर पनवेलहून वकील आले आणि त्यांनी ओटीवर बसून मृत्युपत्र वाचलं. मिठागर दोघा पुतण्यांना, निम्मं निम्मं. मात्र वर्षश्राद्धाच्या दिवशी दोघांनी वकिलांसमोर बसून आपलं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट, कुठे न बघता तीनदा लिहायचं. ज्याला येणार नाही त्याचा हिस्सा दुसऱ्याला. आणि दोघांनाही आलं नाही, तर बांध फोडून मिठागर खाडीला मोकळं करायचं.

वकिलांनी कागदाची घडी केली.  मग काका म्हणाले, "म्हातारा मेला, पन खोड नाय मेली."

वडील त्यांना दादूस म्हणत. पन्नाशीला आलेले दोन भाऊ, आयुष्यभर एका ताटात जेवलेले. त्या दिवसापासून दोघे एकमेकांच्या हाताकडे बघायला लागले.

काकांनी पनवेलच्या एका निवृत्त मास्तरांना धरलं. शिकवणीबद्दल आठवड्याला एक जिताडा मासा द्यायचा ठरला. दोन महिन्यांनी काका ओरडत आले, "आठ जिताडं खाल्लं मास्तरानं, नि मना अक्षरां आली चार. जल्ला, एका अक्षराला दोन जिताडं पडलं."

"मंग आडनाव खेकड्यांवर भागव, दादूस," वडील म्हणाले.

वडिलांचा मास्तर मी. कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून सुट्टीला आलेलो, खिशाला पेन लावून हिंडणारा. मला घाई होती आणि गर्वही होता. बाराखडीपासून सुरुवात केली असती तर वर्ष पुरलं असतं. वडील मठ्ठ नव्हते. पण मी हिशेब केला की लागतं ते नाव, तर नावच शिकवावं. ती दहा-बारा अक्षरं मी त्यांना चित्रांसारखी दिली. पहिलं म्हणजे दांड्याला टेकवलेला कोयता. दुसरं गळाला लागलेली मासोळी. मध्ये एक जोडाक्षर होतं, त्याला आम्ही "भांडणारे भाऊ" म्हणायचो. वडील हसायचे आणि काढायचे. कोणत्या चित्राचा आवाज कोणता, हे मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना कितीही सांगून पटली नाही. ते वरची रेघ आधी ओढत आणि मग तिला एकेक अक्षर टांगत.

"बा, अक्षरं आधी. रेघ शेवटी."

"बांध घातल्याबिगर कोन पाणी घेतं काय? आधी बांध."

रेघ मात्र अशी सरळ यायची की माझीही येत नसे. जन्मभर त्यांनी बांधच घातले होते.

पाटीवर हात आखडायचा, म्हणून ते मिठागरात काठीनं लिहीत. एकदा नुकत्याच तुडवलेल्या एका वाफ्यात त्यांनी अख्खं नाव काढलं आणि दुसऱ्या दिवशी त्यात पाणी सोडलं गेलं. आठवड्यानं पाणी आटलं तेव्हा सगळ्या वाफ्यात मीठ धरलं होतं, आणि अक्षरांच्या चरांमध्ये सगळ्यात जाड. वडील फावडं घेऊन काठावर उभे राहिले. शेवटी त्यांनी तेवढा कोपरा सोडून बाकीचं मीठ ओढलं.

आम्ही फार साधे होतो असं मी म्हणणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत आलो तेव्हा काकांच्या उजव्या हाताचं बोट माशाच्या काट्यानं फाटून सुजलं होतं. वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बोट नाय बरं झालं तर त्याचा हिस्सा आपल्याला येल काय रं?"

आई चुलीपाशी होती. ती न वळता म्हणाली, "तुमच्या भावाचं बोट हाय ते."

 पण मी मनात उत्तर तयार केलं होतं: येईल. अख्खं मिठागर मिळालं तर मला मुंबईत दुसऱ्याच्या खोलीत पथारी टाकावी लागणार नव्हती. हाव आमच्या घरातही होती आणि तिला इंग्रजी येत होतं.

वर्षश्राद्धाला अख्खा पाडा जमला. इतकी माणसं आजूस गेले त्या दिवशीही नव्हती. वकिलांनी दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं. काकांच्या कपाळावरून घामाचे थेंब कागदावर पडत होते. वडिलांनी तीन बांध घातले आणि तिन्हींना अक्षरं टांगली. काकांनीही तीनदा लिहिलं, वाकडंतिकडं, पण पुरं. वकिलांनी कागद उजेडात धरले, म्हणाले, "दोघंही पास." तमाशा बघायला आलेली माणसं जराशी हिरमुसली होऊन जेवायला बसली.

काकांनी त्या दिवशी वडिलांना मिठी मारली. "आता भांडान नको," ते म्हणाले. "वाटणीपत्र करून टाकू. पूर्वेचा भाग तुना, पश्चिमेचा मना. लिवनारा माझ्या वळखीचा हाय, मी बगतो सगला."

आठवड्याभरात आम्ही पनवेलच्या रजिस्टर कचेरीत गेलो. मी इंटरची परीक्षा देऊन आलो होतो. वडिलांनी धुतलेला सदरा घातला होता आणि माझं पेन त्यांच्या खिशाला लावलं होतं.

आमच्या आधी एक म्हातारी होती. तिचा अंगठा, म्हणून कारकुनानं तिला सगळा दस्त पहिल्यापासून मोठ्यानं वाचून दाखवला. "त्या आंब्याचं परत वाचा," ती म्हणाली. त्यानं परत वाचलं. "आंबा माझ्याकडं ऱ्हातो ना?" "राहतो." मग तिनं अंगठा दिला. वडील माझ्याकडे बघून हळूच हसले. असं पोरासारखं वाचून घ्यायची वेळ आता त्यांच्यावर येणार नव्हती.

मग आमचा पुकारा झाला. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "सही की अंगठा?"

"सही," वडील म्हणाले.

"दस्त वाचलाय? मजकूर कबूल?"

"कबूल."

पानं सहीच्या जागी दुमडून पुढे आली. वडिलांनी बांध घातला. मी त्यांच्या खांद्याशी उभा होतो आणि माझी नजर त्या जोडाक्षरापाशी अडकली होती. भांडणारे भाऊ नीट आले. दुसऱ्या पानावरही आले. वडिलांनी पेन हवेत धरून विचारलं, "आजून कुठं?" काकांनी बोट ठेवून दाखवलं. तिथंही त्यांनी सही केली. त्यांना थांबावंसं वाटत नव्हतं.

मग कारकुनानं शाईची गादी पुढे केली. वडिलांचा चेहरा उतरला.

"मी सही केलीय."

"ती दस्तावर. या वहीत सगळ्यांचाच अंगठा लागतो, कलेक्टर आला तरी."

कचेरीच्या भिंतीवर लोकांनी अंगठे पुसून काळे डाग करून ठेवले होते. वडिलांनी आपला अंगठा भिंतीला पुसला नाही. बाहेर येऊन डोक्याच्या केसांना पुसला.

पुढल्या दिवाळीत, पावसानं ढासळलेले बांध घालायची वेळ आली तेव्हा वडील फावडं घेऊन पूर्वेच्या भागात गेले. तिथं काकांनी ठेवलेली माणसं काम करत होती. त्यातला एक म्हणाला, "तुमी कामावर आलाव काय? मंग शेठला इचारा." शेठ म्हणजे काका.

मी मुंबईहून आलो आणि पनवेलच्या वकिलांकडे गेलो. त्यांचा कारकून कचेरीत बसून दस्ताची नक्कल उतरवून घेऊन आला. ते वाटणीपत्र नव्हतं, हक्कसोडपत्र होतं. वडिलांनी आपला संपूर्ण हिस्सा, राजीखुशीनं, भावाच्या प्रेमाखातर, कायमचा सोडला होता.

मी तसाच काकांच्या घरी गेलो. ते ओटीवर जाळं विणत होते.

"काका, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"मना वाचता येतंय काय?" ते जाळ्यातून मान वर न करता म्हणाले. "लिवनाऱ्यानं लिवलं. आमी दोगांनी सही केली. तू उभा होतास ना तिथं? कालेजात जातस ना तू?"

  पान उलटायला किती वेळ लागला असता? मी कागदाकडे बघतच होतो. पण मला दिसत होती फक्त मी शिकवलेली अक्षरं.

वकील म्हणाले, "दस्त मोडता येईल. तुझ्या वडिलांना वाचता येत नाही, हे कोर्टात दिसलं की झालं. त्यांना दस्त वाचून दाखवलेला नाही. न्यायाधीशासमोर एक कागद धरायचा. नाही वाचता आला, की अर्धं काम तिथंच."

घरी येऊन मी वडिलांना नक्कल वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून. कचेरीत त्या म्हातारीला कारकुनानं दस्त वाचून दाखवला होता तशी. ते भिंतीला टेकून ऐकत होते. 'भावाच्या प्रेमाखातर' हे आलं तेव्हा त्यांनी हात वर केला, मी थांबलो, मग त्यांनी मानेनं पुढे वाच म्हटलं. संपल्यावर म्हणाले, "यात मी कुठं हाय?"

मी त्यांच्या नावावर बोट ठेवलं. वकिलांच्या कारकुनाचं अक्षर वळणदार होतं, लपेटीचं. वडिलांनी कागद हातात घेतला, दिव्याकडे नेला, परत आणला.

"हे माझं नाय," ते म्हणाले.

"तुमचंच नाव आहे, बा."

"माझं असं नाय दिसत."

ते कोयता शोधत होते, मासोळी शोधत होते. दुसऱ्याच्या हातानं लिहिलेलं स्वतःचं नाव त्यांना ओळखू येत नव्हतं. हे त्यांना आणि मला एकाच वेळी कळलं. आई उठून आत गेली.

मी मान खाली घालून म्हणालो, "हेच कोर्टात सांगायचंय. वकील म्हणतात, एवढ्यावर मिठागर परत येईल."

"काय सांगायचा?"

"की तुम्हाला वाचता येत नाही."

त्यांनी नक्कल माझ्या हातात परत दिली. "अख्ख्या पाड्याच्या देखत मी तीनदा लिवलंय," ते म्हणाले. "कचेरीत सरकारच्या माणसाला सांगितलंय, सही करतो म्हणून. आता कोर्टात उभा ऱ्हाऊन बोलू, का मी अंगठेबहाद्दर हाय? मिठागर खाऊ दे दादूसला."

मी खूप बोललो. रागानं बोललो, समजुतीनं बोललो. बाराखडीपासून शिकवतो, असंही म्हणालो. ते म्हणाले, "आता क्याला? नाव येतंय." दावा लावायची मुदत टळेपर्यंत मी दर सुट्टीला विषय काढला आणि दर वेळी ते उठून बाहेर गेले. त्यांना बाहेर घालवणारी ती सही मीच त्यांच्या हातात दिली होती.

पोट तर भरायचं होतं. त्याच मोसमात वडील त्याच मिठागरात, भावाकडे मजुरीनं जमीन तुडवायला लागले. माझी पदवी त्या पायांवर पुरी झाली. निकाल घेऊन आलो तो शनिवार होता, म्हणून आधी घरी न जाता मी मिठागरावरच गेलो. मजूर ओळीनं उभे होते. हिशेब ठेवणारे मेहताजी एकेकाला आठवड्याचा पगार देऊन वहीवर अंगठा घेत होते. वडिलांची पाळी आली. मेहताजींनी सवयीनं शाईची गादी पुढे सरकवली. वडिलांनी ती हातानं बाजूला केली, पायाची माती झटकली, टाक घेतला आणि खाली बसले.

मागचे मजूर कुरकुरत होते, "आटप रं बाबा." ते घाई करत नव्हते. वहीच्या त्या लहानशा रकान्यात त्यांनी आधी बांध घातला.